ओम्स्कचं नाव काढायचं नाही

(राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, बर्फावरचं जोडी स्केटिंग. गुणांची वाट बघत बसायचा बाक. समोर कॅमेरा, त्यावरचा लाल दिवा लागला की देशभर चित्र जातं. बाकावर तिघं: मधोमध प्रशिक्षक रिम्मा झाखारोव्ना, एका बाजूला ऊल्याना, दुसऱ्या बाजूला तिचा जोडीदार ग्लेब. दोघांच्या पायांत अजून स्केट्स आहेत.)

ऊल्याना: ...आणि मी म्हणते, तू मुद्दाम केलंस.

रिम्मा: हसा. दिवा लागला.

ऊल्याना: हसतेच आहे. हसत हसत सांगते, यानं मुद्दाम केलं.

रिम्मा: दात दिसू देत. ग्लेब, तूसुद्धा. लोकांना वाटेल कुणाच्या मयताला आलायस.

ग्लेब: मी हसतोय.

रिम्मा: हे हसणं? असो. हात हलव. तुझी आई पेर्ममध्ये टीव्हीसमोर बसली असेल.

ग्लेब: आई बघत नाही. ओम्स्कपासून ती...

ऊल्याना: नाव काढायचं नाही असं ठरलंय.

ग्लेब: चुकलो. त्या गोष्टीपासून ती बघत नाही. आमची पाळी आली की स्वयंपाकघरात जाते आणि नळ मोठा सोडते. मग बाबा जाऊन सांगतात, आटपलं, दोघंही उभे आहेत. मग नळ बंद.

रिम्मा: गेला दिवा. गाल सैल सोडा.

ऊल्याना: आणि माइक?

रिम्मा: त्याची वायर माझ्या बुटाखाली आहे. बसल्या बसल्या काढली. चाळीस वर्षं या बाकांवर बसतेय, कुठली वायर कशाची ते कळतं मला. बोला आता. पण आवाज खाली, आणि चेहरा असा ठेवा की उन्हाळ्यात कुठं जायचं ते ठरवताय.

ऊल्याना: गुण का देत नाहीत?

रिम्मा: यंत्र अडकलंय. त्या चष्मेवाल्यानं दोनदा बंद करून चालू केलं. आता तो त्याच्याकडे नुसता बघतोय.

ग्लेब: किती लागतात?

रिम्मा: एकशे एकतीस पूर्णांक चाळीस. वर गेलो तर दुसरे, म्हणजे मार्चमध्ये जागतिक स्पर्धा. खाली आलो तर ती पलीकडे बसलेली पोरं दुसरी आणि आपण तिसरे. तिसऱ्यांना घरी पाठवतात, बटाटे सोलायला.

ऊल्याना: तीन गिरक्या झाल्या असत्या तर कुणाच्या यंत्राकडे बघावं लागलं नसतं. तेरा वर्षं हा रोज सकाळी मला फेकतो आणि मी हवेत तीन गिरक्या घेऊन उतरते. आज दोन झाल्या. का? उंचीच नव्हती. यानं मला फेकलंच नाही, बाजूला ठेवलं. पाहुण्याला खुर्ची सरकवतात तसं.

रिम्मा: सकाळी बसला नाहीत, त्याचं आहे हे.

ऊल्याना: रिम्मा झाखारोव्ना!

रिम्मा: मी काही म्हणत नाही. हॉटेलातून निघताना मी म्हटलं, सामानावर मिनिटभर टेका, मग निघू. प्रवासाला निघायच्या आधी माणसं बसतात. माझी आई बसायची, तिची आई बसायची. तुम्ही म्हणालात, गाडी खाली थांबलीय.

ऊल्याना: गाडी खरंच थांबली होती.

रिम्मा: थांबली असती अजून मिनिटभर. गाडीच होती ती, रॉकेट नव्हतं.

ग्लेब: तेरा वर्षांत आज पहिल्यांदाच राहिलं.

रिम्मा: दुसऱ्यांदा. त्या गावाला निघतानाही बसला नव्हतात. नाव मी घेत नाही.

ऊल्याना: हा मला खुर्चीसारखं ठेवतो त्याचा आणि सामानावर बसण्याचा काय संबंध?

रिम्मा: मला काय माहीत? मी प्रशिक्षक आहे, भटजी नाही. ही फुलं कुणी दिली तुला?

ऊल्याना: कठड्याजवळच्या मुलीनं.

रिम्मा: सहा आहेत. आजकालच्या आया शिकवत नाहीत का पोरींना? सम फुलं मेलेल्याला नेतात. ग्लेब, हे एक तू धर.

ग्लेब: धरून काय करू?

रिम्मा: काही करू नकोस, नुसतं धर. दिवा! हसा. ऊल्याना, ते कापडी अस्वल मांडीवर घे. मांडीवर नको, पायाजवळ ठेव. उजव्या.

ऊल्याना: पायाजवळ कशाला?

रिम्मा: शोभतं. हात हलवा. डावीकडे बघा, तिथं माजी विजेत्या बसल्यात, त्यांना मान हलवा. ती टोपीवाली मला तिसऱ्या रांगेतून शिव्या देतेय, तिला जरा जास्त हलवा.

ग्लेब: गेला दिवा.

ऊल्याना: मंगळवारी तुला निवड समितीच्या कचेरीत बोलावलं होतं.

ग्लेब: हो.

ऊल्याना: नाही म्हणशील वाटलं होतं मला.

ग्लेब: बोलावलं होतं, मग नाही कशाला म्हणू?

ऊल्याना: मला सगळं कळलंय. कपडे बदलायच्या खोलीत भिंतींपेक्षा पोरींना जास्त कान असतात. पंधरा वर्षांची मुलगी. अडतीस किलो. तिच्या जोडीदाराचा खांदा गेला म्हणून तिला नवा पाहिजे. मुली काय, ढिगानं मिळतात. उंच, धडधाकट, दारू न पिणारा मुलगा देशात शोधून सापडत नाही. तो इथं एका अठ्ठावीस वर्षांच्या म्हातारीला उचलत आयुष्य घालवतोय, हे त्यांच्या पोटात दुखतं.

रिम्मा: अठ्ठावीस म्हणजे म्हातारी? मग मी काय, ममी?

ऊल्याना: आज आपण तिसरे आलो की मी घरी, आणि हा सोमवारपासून त्या पोरीबरोबर. सोपं आहे. त्याला फक्त एक करायचं होतं, मला जरा कमी उंच फेकायचं. चूक माझी दिसली असती. दोन गिरक्या मीच घेतल्या ना? लोक म्हणतील, थकली बिचारी. बोल ग्लेब. कचेरीत काय झालं?

ग्लेब: चहा दिला.

ऊल्याना: आणि?

ग्लेब: मनुक्यांचा केक होता.

ऊल्याना: ग्लेब!

ग्लेब: विचारलं त्या मुलीबद्दल. बघू म्हणालो.

रिम्मा: खोटं. मी शेजारच्या खुर्चीवर होते. यानं सरळ नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, विचार करायला आठवडाभर घे. हा म्हणाला, आठवडा आहे माझ्याकडे, पण नको. मग केकचा दुसरा तुकडा घेतला आणि उठला. इतकी वर्षं अशा बैठकांना जाते, पण नकार दिल्यावर केक मागणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

ऊल्याना: मग मला का नाही सांगितलंस?

ग्लेब: तू म्हणाली असतीस, हो म्हण, पोर चांगली आहे. मग मी नाही म्हणालो असतो. मग तू ओरडली असतीस. शुक्रवारी स्पर्धेची पहिली फेरी होती, छोटा कार्यक्रम.

ऊल्याना: मी कशाला ओरडले असते?

ग्लेब: आत्ता ओरडतेयस.

रिम्मा: आवाज खाली. उन्हाळ्याची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी.

ऊल्याना: बरं. पोरीसाठी नाही. मग कशासाठी केलंस? हात थकले? मला सांग हात थकले, मी लगेच गप्प बसते.

ग्लेब: हात बरे आहेत.

ऊल्याना: मग?

ग्लेब: मनगट.

ऊल्याना: तुझं मनगट दुखतंय?

ग्लेब: माझं मनगट तू सोडतेस ते. फेकीच्या आधी मी मोजतो. एक, दोन, तीन. दोनला तू मनगट सोडतेस, तीनला मी फेकतो. तेरा वर्षं तसंच. तीन आठवड्यांपासून तू अडीचला सोडतेस.

ऊल्याना: अडीच असं काही नसतं.

ग्लेब: असतं. मी मोजतो ना. तू सोडायला घाबरतेस. तू कधीच घाबरायची नाहीस, म्हणून मी बघायला लागलो. हॉटेलचा जिना तू उलटी उतरतेस. कठडा धरून, पाठ खाली करून. मी वरच्या मजल्यावरून बघितलं.

ऊल्याना: मुरगळलाय पाय. कुणाचा मुरगळत नाही?

ग्लेब: मुरगळलेला पाय तू दाखवतेस. जगभर दाखवतेस. हा लपवलास.

रिम्मा: हाड आहे.

ऊल्याना: काय?

रिम्मा: उजवं पाऊल, करंगळीकडचं हाड. चीर गेलीय. म्हणून अस्वल तिकडे ठेवायला सांगितलं. सूज बुटाबाहेर आलीय, कॅमेरा खालून घेतो.

ऊल्याना: तुम्हाला कुणी सांगितलं?

रिम्मा: रोज सकाळी साडेसहाला मी तुला काट्यावर उभी करते. तीन आठवडे तू एका पायावर उभी राहतेस, बगळ्यासारखी. काटा सत्तेचाळीस दाखवतो, त्याला बिचाऱ्याला पाय मोजायला शिकवलेलं नाही. मला येतं मोजता.

ऊल्याना: तीन आठवडे माहीत होतं आणि एक शब्द बोलला नाहीत?

रिम्मा: काय बोलणार होते? घरी बस म्हटलं असतं तर बसली असतीस?

ऊल्याना: नसते बसले.

रिम्मा: मग कशाला तोंड दुखवा? दिवा. हसा.

ग्लेब: हा लवकर जात नाही आज.

रिम्मा: दाखवायला दुसरं काही नाही त्यांच्याकडे. यंत्र दाखवू शकत नाहीत. ग्लेब, हिच्या खांद्यावर हात टाक.

ऊल्याना: नको.

रिम्मा: टाक म्हणते ना. देशाला वाटलं पाहिजे तुम्ही सख्खे मित्र आहात.

ग्लेब: टाकला.

ऊल्याना: जड आहे.

ग्लेब: काढू?

ऊल्याना: दिवा जाईपर्यंत राहू दे.

रिम्मा: गेला.

ऊल्याना: गेला तरी काढला नाहीस.

ग्लेब: विसरलो. काढला.

ऊल्याना: ऐक. पाय माझा आहे, हाड माझं आहे. मी ठरवलं होतं की आज त्याच्यावर उतरायचं. पंधराव्या वर्षी आईनं मला पेर्मच्या गाडीत बसवून दिलं तेव्हापासून मी यासाठी मार खातेय. अर्धं सफरचंद खाऊन झोपलेय. मैत्रिणींची लग्नं चुकवली, आजीच्या मातीला गेले नाही. हे शेवटचं वर्ष आहे, तुला माहीत होतं. आणि तू मधेच हवेत ठरवतोस की ऊल्यानाला झेपणार नाही! तुला कुणी विचारलं होतं? मला तरी विचारायचंस!

ग्लेब: कुठं विचारणार? संगीत चालू होतं.

ऊल्याना: आज सकाळी विचारायचंस.

ग्लेब: सकाळी मी फेकणार होतो.

ऊल्याना: म्हणजे?

ग्लेब: ठरवलं होतं फेकायचं. तुला उतरायचंय तर उतरशील. तू कशावरही उतरतेस. मी तीन म्हणालो तेव्हाही फेकणारच होतो. पण मनगट सुटलं नव्हतं. मी वर बघितलं आणि तुझी हनुवटी दिसली.

ऊल्याना: हनुवटीला काय झालंय?

ग्लेब: पाच टाके आहेत.

ऊल्याना: ते आपण बोलत नाही.

ग्लेब: नावाबद्दल ठरलंय, हनुवटीबद्दल नाही.

रिम्मा: बोलू दे त्याला. चार वर्षांत पहिल्यांदा एवढी वाक्यं सलग बोलतोय.

ग्लेब: मी मोजत होतो त्या दिवशीसुद्धा. तू वर होतीस, माझ्या हातांवर. चार म्हणालो. पाच म्हणालो. सहा म्हणालो तेव्हा हातात कुणी नव्हतं. मग तू उठलीस, हनुवटी बाहीला पुसलीस आणि म्हणालीस, चल, संगीत चाललंय. आपण पुरं केलं. लोक उभे राहिले. इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या आपल्याला. अजून ती चित्रफीत दाखवतात, बघा कसं धैर्य. मला ते बघवत नाही. मला त्या टाळ्यांची चीड येते. तुझीही येते कधीकधी.

ऊल्याना: माझी?

ग्लेब: तू उठलीस म्हणून.

ऊल्याना: पडून राहायला हवं होतं?

ग्लेब: हो.

रिम्मा: माझंही तेच हाड आहे.

ऊल्याना: तुमचं?

रिम्मा: तोच पाय, तेच हाड. सव्वीस वर्षांची होते. लपवलं मी, पण माझ्या जोडीदाराला ठाऊक होतं. सेवेरिअन त्याचं नाव. मी त्याला सांगितलं, काही झालं तरी फेक.

ग्लेब: मग?

रिम्मा: मग काय? फेकलं. तेव्हा दोन गिरक्यांची फेक असायची, पण काय उंच फेकलं! वरून मला तिकीटवाल्याची टोपी दिसली.

ऊल्याना: आणि उतरलात?

रिम्मा: उतरले. पदक आहे. काठी पण आहे.

ऊल्याना: काठी बर्फाची जाडी बघायला असते म्हणता तुम्ही.

रिम्मा: लोकांना तसं सांगते.

ग्लेब: त्याच्यावर राग होता?

रिम्मा: राग कसला? मीच सांगितलं होतं. पुढं लग्न केलं त्याच्याशी, नऊ वर्षं राहिलो. चांगला माणूस होता. फक्त मी जिना चढायला लागले की मागून म्हणायचा, हळू. दर पायरीला, हळू. बाकी सगळं सहन झालं, ते हळू नाही झालं.

ऊल्याना: म्हणजे तुम्ही याच्या बाजूनं आहात.

रिम्मा: मी कुणाच्या बाजूनं नाही. मी मध्ये बसलेय.

ऊल्याना: मग आज मला बर्फावर का सोडलंत? हे सगळं माहीत असून?

रिम्मा: ते विचारू नकोस.

ऊल्याना: विचारतेय.

रिम्मा: मला वाटलं, तू उतरशील. मला वाटलं, मार्चपर्यंत हाड भरेल आणि तुला माझ्यासारखं काही होणार नाही, कारण तू माझ्यापेक्षा बरी आहेस. चाळीस वर्षं शिकवूनही वाटलं. लोभ आहे तो. मी तुला सोडलं, आणि यानं धरलं. मला हे बोलायला आवडत नाहीये, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

ऊल्याना: मार्चपर्यंत भरेल?

रिम्मा: सहा आठवडे प्लास्टर. मग तीन आठवडे हळूहळू. दुसरे आलो तर भरेल. तिसरे आलो तरी भरेलच म्हणा, पण मग घाई कुणाला आहे?

ग्लेब: चष्मेवाल्यानं यंत्राला थापटी मारली.

रिम्मा: आमच्या वेळी पंच हातात आकड्याची पाटी धरायचे. पाटी कधी अडकली नाही.

ऊल्याना: ग्लेब, आपण तिसरे आलो तर तू काय करशील? त्या पोरीला नाही म्हणालास. मग?

ग्लेब: बर्फ सपाट करायची गाडी आहे ना. पेर्मच्या मैदानावर चालवायला माणूस पाहिजे.

ऊल्याना: तू ती चालवणार?

ग्लेब: बर्फावर गोल फिरण्याचंच काम आहे. बसून करायचं एवढंच. नोव्हेंबरात परीक्षा दिली.

ऊल्याना: नोव्हेंबरात! आपला सराव चालू असताना?

ग्लेब: जेवणाच्या सुट्टीत. नापास झालो.

रिम्मा: नापास?

ग्लेब: मागं घेताना कठड्याला लागली. पुन्हा देता येते. फेब्रुवारीत.

ऊल्याना: तेरा वर्षं हा माणूस मला डोक्यावर धरून एका पायावर उलटा जातो, आणि याला गाडी मागं घेता येत नाही.

ग्लेब: गाडी मनगट धरत नाही. कळत नाही तिला कुठं जायचंय ते.

ऊल्याना: मला वाटलं होतं, तू सुटायला बघतोयस माझ्यापासून.

ग्लेब: नाही.

ऊल्याना: एवढंच? नाही?

ग्लेब: अजून काय सांगू?

रिम्मा: पुरे आहे तेवढं. आला आकडा. दिवा लागलाय. काहीही असलं तरी दात.

ग्लेब: एकशे एकतीस...

ऊल्याना: पुढे?

ग्लेब: पूर्णांक अठरा.

रिम्मा: चाळीस लागत होते. हसा.

ऊल्याना: बावीस शतांश.

रिम्मा: हस, ऊल्याना. खाली बघू नकोस. कॅमेरा तुझ्या तोंडाशी आहे.

ऊल्याना: हसतेय. दिसतंय ना? बावीस शतांश म्हणजे किती असतं हो? माझ्या कपड्यावरचा एक खडा असेल.

रिम्मा: तो बघ, तो पलीकडचा पोरगा उड्या मारतोय. त्याच्या जोडीची पोर रडतेय. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी. ग्लेब, फूल खाली ठेव आणि दोन्ही हातांनी वाजव.

ग्लेब: वाजवतोय.

ऊल्याना: चांगली आहे ती मुलगी. उतरताना गुडघा छान वाकतो तिचा. पण हाताची बोटं ताठ ठेवते, कुणीतरी सांगायला हवं.

रिम्मा: सांग तू. सोमवारी साडेसहाला ये मैदानावर. काट्यावर उभी राहायला नाही, माझ्या शेजारी उभी राहायला. मला आता एकटीला ओरडवत नाही.

ऊल्याना: मी आले तर पहिला तो काटा फेकून देईन.

रिम्मा: दे. मला उचलत नाही, नाहीतर मीच दिला असता.

ग्लेब: दिवा गेला. कॅमेरा तिकडं वळला.

रिम्मा: झालं. आता गाल सैल सोडा, डोळेही सोडायचे असतील तर सोडा. हा घे रुमाल. धुतलेला आहे.

ऊल्याना: मी रडत नाहीये.

रिम्मा: मग नुसता धर.

ऊल्याना: ग्लेब.

ग्लेब: हं.

ऊल्याना: तीन झाल्या असत्या तर आपण दुसरे होतो.

ग्लेब: हो.

ऊल्याना: मला हे बराच काळ राहणार आहे मनात. मी छान माफ वगैरे करणारी नाही. ओरडेन मधूनमधून. दहा वर्षांनीसुद्धा ओरडेन.

ग्लेब: बरं. फोन कर.

रिम्मा: तो गळ्यात बिल्ला अडकवलेला गृहस्थ हातवारे करतोय. बाक मोकळा करा म्हणतोय. अहो साहेब, एक मिनिट! हो, समजलं आम्हाला. आता आमच्यानंतर कुणी नाही या बाकावर, कुणाला घाई आहे एवढी? एक मिनिट द्या. खाली बस, ग्लेब.

ग्लेब: बसलेलाच आहे.

रिम्मा: उठत होतास. नीट बस. पाठ टेक. सकाळचं राहिलंय आपलं. निघायच्या आधी बसतात. कुणी बोलायचं नाही.

ऊल्याना: आता बसून काय उपयोग?

रिम्मा: बोलायचं नाही म्हटलं ना.

ग्लेब: झालं.

रिम्मा: मोजत होतास?

ग्लेब: साठ.

रिम्मा: चला मग. फुलं मी घेते, अस्वलही दे इकडे. काठी कुठं गेली? हां. ऊल्याना, ऊठ.

ऊल्याना: एक सांगायचंय. पाय टेकवत नाहीये.

ग्लेब: कधीपासून?

ऊल्याना: उतरले तेव्हापासून. दोन गिरक्यांवर उतरले तेव्हाच काहीतरी तुटल्याचं कळलं. पुढचं सगळं तुझ्या खांद्यावर केलं मी, तुला कळलं नसेल.

ग्लेब: कळलं. जड लागत होतीस.

ऊल्याना: तीनवर उतरले असते तर... जाऊ दे. हे मी आज बोलणार नाही. दहा वर्षांनी बोलेन.

रिम्मा: खुर्ची मागवते चाकांची. थांब.

ऊल्याना: चाकांची नको. त्यांना वाटेल थकली बिचारी. ग्लेब, तू उचल.

ग्लेब: कॅमेरा परत वळतोय.

ऊल्याना: वळू दे. तुझी आई बघत नाही ना?

ग्लेब: बाबांनी सांगितलं असेल, आटपलं म्हणून. आली असेल बाहेर.

ऊल्याना: मग नीट उचल. मनगट दे.

ग्लेब: दिलं. एक...

ऊल्याना: आणि ग्लेब.

ग्लेब: काय?

ऊल्याना: ओम्स्क करू नकोस.